आठवा वाडगा

"आमच्याकडेही अगदी असंच असतं," हे वाक्य अमेरिकेतल्या पहिल्या दहा वर्षांत मी इतक्यांदा म्हटलं की माझी मुलगी त्याची नक्कल करायला लागली होती. कुणी घरात शिरताना बूट काढले, कुणी आजारी माणसाला पातळ भात दिला, कुणी पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह केला, की माझं ठरलेलं: आमच्याकडेही असंच. परक्या मुलखात कुणाशी तरी जवळीक साधावी हा हेतू त्यात होता, हे खरं. पण समोरच्याचं सगळं आपल्याला कळलं आहे अशी एक घमेंडही होती. त्या वेळी मी स्वतःला मोठी चौकस आणि मोकळ्या मनाची बाई समजत होते.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहायचो. विद्यापीठापासून दहा मिनिटांवर विटांच्या दुमजली इमारती होत्या, प्रत्येक जिन्याला समोरासमोर दोन दारं. नवरा टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. दिवसभर काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन देवाजवळ दिवा लावायचा, यात मला काही विसंगत वाटत नसे. समोरच्या दारात एक चिनी कुटुंब होतं, तैवानहून आलेलं. तो गणित शिकवायचा, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. त्यांची मुलगी आणि आमची मुलगी एकाच वर्गात, त्यामुळे दोन्ही दारं बहुतेक वेळ उघडीच असत.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारणीचे वडील तैवानात वारले आणि तिने आईला इकडे आणलं. मी त्यांना आजी म्हणायची. खरं तर त्या सत्तरीलाही पोहोचल्या नव्हत्या. कापलेले पांढरे केस, अंगात कापूस भरलेली निळी बंडी, आणि बसायचं म्हणून माहीत नाही. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, लिहिता-वाचता तर आपल्या भाषेतही येत नव्हतं. माझं त्यांच्याशी जे काही बोलणं झालं ते सगळं त्यांच्या लेकीच्या तोंडून. तरी दिवाळीत मी करंज्या करत होते तेव्हा त्या न बोलावता माझ्या स्वयंपाकघरात आल्या, अर्धा तास माझ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या, मग माझ्या हातातली करंजी काढून घेऊन तिला स्वतः मुरड घातली. माझ्यापेक्षा बारीक घातली. ती ताटात ठेवली आणि निघून गेल्या. मला रागही आला आणि हसूही.

त्या करंजीमुळेच फेब्रुवारीत मला त्यांच्या नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी मदतीला बोलावणं आलं. शनिवार होता. बाहेर दोन दिवसांचा बर्फ साचलेला. त्यांचं नवं वर्ष अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला सुरू होतं, म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा स्वयंपाक अमावास्येला. आमच्याकडे एक दिवाळीतली सोडली तर अमावास्येला कुणी साधी नवी साडी नेसत नाही. पण माझ्या तोंडून जायचं ते गेलंच: "आमच्याकडेही चंद्रावरच असतं."

आठवडाभर त्यांची साफसफाई चालली होती. आता झाडू आणि केराची टोपली कपाटात बंद करून ठेवली होती, कारण पहिल्या दिवशी केर काढला तर नव्या वर्षाचं चांगलं तेवढं त्याबरोबर बाहेर जातं. कात्री आणि सुऱ्याही दुसऱ्या दिवशी हातात घ्यायच्या नाहीत, म्हणून चिरायचं ते सगळं आजच. दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदाच्या पट्ट्या, त्यांवर काळ्या शाईने शेजारणीच्या नवऱ्याने लिहिलेली अक्षरं. मासा अख्खा शिजवायचा, डोकं-शेपटीसकट, आणि तो संपवायचा नाही. थोडा उद्यासाठी ठेवायचा, म्हणजे सरत्या वर्षातलं काही ना काही नव्या वर्षात शिल्लक राहतं. शेवया कितीही लांब असल्या तरी तोडायच्या नाहीत, आयुष्य लांबावं म्हणून. आजी हे सगळं लेकीला सांगत होत्या, लेक मला सांगत होती, आणि मी प्रत्येक गोष्टीला आपल्याकडचं काहीतरी जोडून दाखवत होते. झाडूचं ऐकल्यावर तर मी केरसुणीच्या पूजेवर पाच मिनिटं बोलले. शेजारणीने त्यातलं आईला किती सांगितलं कोण जाणे. आजी पीठ मळत राहिल्या.

पीठ लाटून त्याच्या लहान लहान पाऱ्या करायच्या, मध्ये सारण ठेवायचं आणि कडा चुण्या घालून बंद करायच्या. नाव डंपलिंग, मला ती उकडीची करंजीच वाटली. आमच्यासाठी त्यांनी कोबी, टोफू आणि बारीक शेवयांचं वेगळं सारण केलं होतं, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चमच्यासकट. एका डंपलिंगमध्ये नाणं लपवायची त्यांची पद्धत. ते ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं. पण आदल्या वर्षी शेजारणीच्या नवऱ्याच्या दाढेचा त्या नाण्याने तुकडा पाडला होता, म्हणून या वेळी शेंगदाणा.

आजी मासा धुवायला उठल्या, तेव्हा शेजारणीने खालच्या आवाजात मला तिच्या भावाची गोष्ट सांगितली. आजींना कळणार नव्हतं तरी आवाज खालचाच.

एकोणपन्नास सालची गोष्ट. चीनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात त्यांचं घर होतं. वडील रेल्वेत कारकून. यादवी युद्धाचं पारडं फिरलं आणि सरकारी माणसं बोटींनी तैवानला निघाली, तेव्हा मोठा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि ही तीन. मुलाला गोवर निघाला होता. तापाने फणफणलेल्या पोराला बोटीत चढू देत नव्हते. त्याला आजीपाशी, म्हणजे आपल्या सासूपाशी ठेवून आईने धाकटीला कडेवर घेतलं. दोन-चार महिन्यांत परत यायचं होतं. त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात तैवानातून चीनमध्ये पत्र पाठवायची सोय नव्हती. अमेरिकेतून मात्र पत्र जात होतं. म्हणून आई इथे आल्यावर ऑक्टोबरमध्ये शेजारणीने गावच्या पत्त्यावर, भावाच्या नावाने पत्र टाकलं. फेब्रुवारी आला तरी उत्तर नव्हतं.

"आई म्हणते तो आहे," शेजारीण म्हणाली. "असेल असं कधी म्हणत नाही. आहे म्हणते."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने हातातली पारी बंद केली. "मला त्याचा चेहराही आठवत नाही. साठ सालच्या आसपास तिथे मोठा दुष्काळ पडला होता. गावंच्या गावं रिकामी झाली म्हणतात. मला नाही वाटत तो असेल. पण हे या घरात बोलायचं नाही. त्यातून या आठवड्यात तर मरणाचा शब्दसुद्धा काढायचा नाही."

मी मान हलवली. आमच्याकडेही सणाच्या दिवशी असलं बोलत नाहीत, हे या वेळी सांगितलं नाही. तेवढी समज होती.

पाचच्या सुमाराला माझा नवरा आणि मुलगी आवरून आले. बैठकीतल्या एका बसक्या कपाटावर शेजारणीच्या वडिलांचा फोटो होता. जेवणाआधी घरातल्या गेलेल्या माणसांना वाढायचं असतं. फोटोपुढे संत्री, उकडलेली कोंबडी, दारूचा एवढासा पेला, आणि उदबत्त्या खोचायला कच्च्या तांदळाने भरलेली वाटी. चिनी दुकानातून आणलेल्या उदबत्त्या सर्दावल्या होत्या, पेटेनात. शेजारणीने मला विचारलं, तुमच्याकडच्या आहेत का? मी धावत जाऊन चंदनाचा पुडा घेऊन आले. आपल्या उदबत्तीची त्या घरात गरज पडली याचा मला इतका आनंद झाला की तो लपवता आला नाही.

"तीन लाव आणि तीनदा वाक," शेजारीण म्हणाली. एवढ्यात खालून हाक आली. तिच्या नवऱ्याची गाडी बर्फात रुतली होती आणि तो फावडं मागत होता. ती खाली गेली, तिच्या मागोमाग माझा नवरा, आणि दोघी मुली मजा बघायला. आजी आत मासा ताटलीत काढत होत्या. बैठकीत मी एकटी.

मी फोटोपुढे तीन उदबत्त्या लावल्या, तीनदा वाकले. मग जेवणाच्या टेबलाकडे लक्ष गेलं. खुर्च्या आठ होत्या. माणसं सात: ते चार, आम्ही तीन. मी पुन्हा मोजलं. आठव्या खुर्चीपुढे बाकीच्यांसारखाच वाडगा होता, चॉपस्टिक्स होत्या, आणि इतर वाडगे रिकामे असताना त्यात मात्र पांढऱ्या भाताची शीग. बाजूच्या बशीत चार डंपलिंगं आधीच काढून ठेवलेली.

नागपूरला आमच्या घरी पितृपक्षात, तिथीच्या दिवशी, सगळ्यांच्या आधी एक पान वाढत. त्यावर कुणी बसायचं नाही. शेजारी उदबत्ती लावून नमस्कार करायचा आणि मग घरची माणसं जेवायला बसायची. माझी आई ते पान कधी विसरली नाही. तेव्हा मला यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. शेजारणीच्या वडिलांचं पान होतं ते. फोटोपुढे उदबत्ती लागली होती, पानापाशी राहिली होती, आणि शेजारीण गडबडीत विसरली होती. मी पुड्यातून आणखी तीन काढल्या आणि पेटवल्या. आमच्याकडे उदबत्ती केळ्यात खोचतात, केळं नसलं तर वाटीभर तांदळात. फोटोपुढेही तांदळातच खोचायची पद्धत दिसत होती. मी त्या तीन उदबत्त्या भाताच्या शिगेत मधोमध नीट उभ्या केल्या, हात जोडले आणि वाकले.

दुसऱ्यांदा वाकून वर आले तर दारात आजी होत्या. हातात माशाची ताटली.

त्या ओरडल्या नाहीत. ताटली टेबलाच्या कडेला ठेवली, खुर्चीला वळसा घालून आल्या, आणि भातातल्या तिन्ही उदबत्त्या एका मुठीत उपटल्या. जळती टोकं चिमटीत धरून विझवली. चटका बसला असणारच, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मग वाडगा, भात, बशीतली डंपलिंगं, सगळं उचलून आत नेलं. वर्तमानपत्राचा आवाज आला. मागचं दार उघडलं आणि बंद झालं. मी तिथेच उभी होते. काहीतरी फार मोठं चुकलं हे कळलं होतं. काय ते कळत नव्हतं.

शेजारीण वर आली ती हसत आली. आईचा चेहरा बघून थांबली. दोघींचं बोलणं झालं, दोन-तीन वाक्यांचंच. मग तिने मला जिन्यात नेलं.

"तो वाडगा बाबांचा नव्हता," ती म्हणाली. "बाबांचं कपाटावर वाढलं होतं. आजच्या जेवणाला घरातल्या सगळ्यांनी हजर असावं लागतं. जे जिवंत आहेत पण लांब आहेत, त्यांचाही वाडगा मांडतात. तो माझ्या भावाचा होता. छत्तीस वर्षं ती मांडते आहे."

"आणि मी..."

"भातात उभी उदबत्ती मेलेल्यांसाठी," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुला कसं माहीत असणार?"

खरं तर मला विचारता आलं असतं. दहा पावलांवर स्वयंपाकघर होतं. भाषा नव्हती तरी वाडग्याकडे बोट दाखवून भुवया उंचावता आल्या असत्या. पण जे आपल्याला ठाऊकच आहे ते माणूस विचारत नाही.

आत गेल्यावर आजींनी मला खुणेने सिंकपाशी बोलावलं. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, नळ सोडला आणि भांडी घासायच्या साबणाने माझे दोन्ही हात धुतले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. बाहेर मातीत खेळून आलेल्या पोराचे धुवावेत तसे. शेजारणीने मागून सांगितलं, सणाच्या दिवशी लहान मुलाच्या तोंडून अभद्र निघालं तर त्यांच्यात त्याचं तोंड कागदाने पुसतात, म्हणजे बोललेलं धरलं जात नाही. हातांनी केलेल्याचं काय करायचं ते आईला माहीत नाही, म्हणून ती धुते आहे. मी छत्तीस वर्षांची होते, विज्ञानाची पदवीधर होते, आणि मला रडू येत होतं. आजींनी स्वतःच्या बंडीला माझे हात पुसले. मग फडताळातून दुसरा वाडगा काढला, भात भरला आणि त्या आठव्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला.

जेवण नेहमीसारखं झालं, म्हणजे सगळ्यांनी ते नेहमीसारखं होऊ दिलं. आजी प्रत्येक पदार्थातला पहिला घास त्या वाडग्यात वाढत होत्या. शेंगदाणा माझ्या नवऱ्याला लागला. त्याला काहीच कळलं नव्हतं, त्याने टाळ्या मिळवल्या आणि आणखी चार डंपलिंगं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहा घेत ऐकून घेतलं.

"अगं, इट वॉज ॲन ऑनेस्ट मिस्टेक," तो म्हणाला. "परत एकदा सॉरी म्हण आणि विषय क्लोज कर. तुझ्या उदबत्तीने चीनमधला माणूस मरतो का? तू लॅबमध्ये काम करतेस यार."

मुलगी कॉर्नफ्लेक्स खात होती. "मॉम, यू डिडन्ट आस्क," ती म्हणाली. "यू नेव्हर आस्क."

दोघांचंही बरोबर होतं. उदबत्तीने कुणी मरत नाही, हे मला मान्य होतं. तो माणूस जिवंत असेल तर आहे आणि गेला असेल तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच गेला, हेही मला पटत होतं. तरीही त्या सोमवारपासून कामावरून येताना मी खालच्या पत्रपेट्यांपाशी थांबायला लागले. त्यांच्या पेटीला समोर तीन भोकं होती, त्यातून आतला कागद दिसायचा. मी वाकून बघायची. जाहिराती, टेलिफोनचं बिल, पुन्हा जाहिराती. एकदा पोस्टमनने मला तशी वाकलेली पाहिली आणि मॅडम, आपली पेटी कुठली, असं विचारलं. याच सुमाराला मी गणपतीला एकवीस मोदक बोलले. नवऱ्याला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

आठवडाभराने रथसप्तमी आली. संक्रांतीपासून तोपर्यंत तिळगूळ द्यायचा, आणि मी त्यांना अजून दिला नव्हता. मी डबा घेऊन गेले. आजींनी एक लाडू उचलला, हुंगला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडात घातला. गोड बोला असं सांगायचं, तर आमच्यात भाषाच नव्हती. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत होत्या. करंजीच्या वेळी बघत तसंच माझ्या हातांकडे बघायच्या. फक्त मला ते बघणं आता सहन होत नव्हतं.

मार्च गेला. शेजारणीने दुसरं पत्र टाकायचं ठरवलं होतं, पण टाकलं नाही. तिचं म्हणणं, उत्तर न येणं हेच उत्तर असतं. आजींचं म्हणणं, पत्र हळू चालतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी न्यूयॉर्कला भारतीय किराणा आणायला गेले होते. दुपारी परतले तर जिन्यात शेजारीण उभी. मी पिशव्या खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "पत्र आलंय. सकाळी दहाला आलंय. आई उघडू देत नाही."

"का?"

"तू आल्याशिवाय उघडायचं नाही म्हणते."

पत्रात काय आहे ते माहीत नसताना आजींना माझं तिथे असणं हवं होतं, याचा मला एकच अर्थ लागत होता. जिने आपल्या मुलाच्या भातात उदबत्ती लावली तिने हे ऐकावं, असं त्यांना वाटत असणार. नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. डाळ-तांदळाच्या पिशव्या जिन्यातच राहिल्या.

टेबलावर राखाडी रंगाचं पातळ पाकीट होतं. आजी त्याच्यापुढे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. नातीला कडेची खुर्ची. जावई उभाच होता. शेजारणीने पाकीट फाडलं, तीन पानं निघाली, आणि ती पहिल्या ओळीपाशीच थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एवढी भीती मला कुठल्याही परीक्षेत किंवा दवाखान्यात वाटली नव्हती.

मग ती काहीतरी म्हणाली, आणि आजींनी डोळे मिटले. माझ्याकडे वळून शेजारीण इंग्रजीत म्हणाली, "त्याने स्वतः लिहिलंय. 'आईच्या पायाशी गुडघे टेकून' असं सुरू होतं."

आजींनी न बघता माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेजारीण चार ओळी वाचायची, मग मला त्यांचा अर्थ सांगायची. तो जिवंत होता. गावातच होता, शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात. बायको होती, तीन मुलं होती. आजीने, म्हणजे या आजींच्या सासूने त्याला वाढवलं आणि ती अठ्ठावन्न साली गेली. ऑक्टोबरचं पत्र त्याला जानेवारीत मिळालं, कारण ते तालुक्याच्या गावी पडून होतं. उत्तराला इतका वेळ का लागला, तेही लिहिलं होतं. त्याला काय लिहावं कळेना. आई जिवंत आहे यावर त्याचा विश्वास बसेना. बोट निघाली त्याच हिवाळ्यात बंदरावरून परतलेल्या गावच्या एका माणसाने सांगितलं होतं की ती बोट बुडाली. आजीने सगळ्यांचे विधी केले. आईचं, वडिलांचं आणि धाकट्या बहिणीचं नाव पितरांच्या लाकडी पाटीवर लिहिलं. तेव्हापासून दर नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी तो त्यांच्यासाठी वाडगा वाढत होता आणि भातात तीन उदबत्त्या उभ्या करत होता. पाटीला सरकारी बंदी होती त्या वर्षांत पाटीशिवाय, दार लावून. जिवंत आईला इतकी वर्षं मेलेली मानली, या अपराधाला क्षमा नाही, असं त्याने लिहिलं होतं.

शेजारीण वाचता वाचता हसायला लागली. ती हसतही होती आणि डोळे पुसतही होती. "ऐकलंस?" ती मला म्हणाली. "तू एकदाच केलंस. तो छत्तीस वर्षं करत होता. माझ्यासाठीसुद्धा. आणि बघ, आम्ही दोघी धडधाकट." जावईही हसला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, ते उतरताना मला अक्षरशः जाणवलं. मीही हसले.

आजी हसत नव्हत्या. त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं. लेकीने पान मागे उलटून एक ओळ पुन्हा वाचली. आजींनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा वाचली.

"काय विचारताहेत?"

"दुष्काळाच्या वर्षांत वाडग्यात काय वाढत होता ते," शेजारीण म्हणाली. तिचं हसणं थांबलं होतं. "त्याने लिहिलंय की तीन वर्षं भात नव्हता. पहिल्या वर्षी उकडलेल्या रताळ्याचा तुकडा ठेवला. पुढच्या वर्षी रताळ्याचा पाला. त्याबद्दलही क्षमा मागतो म्हणतो, की आईला पाला वाढला."

आजी बोलायला लागल्या. आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. लेक मध्येच काही सांगू बघत होती, समजूत घालत होती. शेवटी तिने माझ्यासाठी सांगितलं, "मी तिला म्हणते आहे, नैवेद्य काही वाया जात नाही, नंतर घरचेच खातात. रताळं त्यानेच खाल्लं असणार. ती म्हणते, त्या वर्षी मी तैवानात दोन्ही वेळा पोटभर जेवत होते. तो वीस वर्षांचा होता. घरात दुसरं काही नव्हतं. ते समोर ठेवून त्याला उदबत्ती विझेपर्यंत थांबावं लागलं असेल. आधी खाता येत नाही."

मग आजी माझ्याकडे वळल्या. मनगट अजून त्यांच्याच हातात होतं. त्यांनी एक छोटंसं वाक्य विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिल्या. लेकीने ते इंग्रजीत सांगायला थोडा वेळ लावला.

"ती विचारते, तुझ्या घरी रोज लावतेस, तुला माहीत असेल. एक उदबत्ती जळायला किती वेळ लागतो?"

खोटं सांगावं असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्यासाठी ते पत्र पाच तास बंद ठेवलं होतं.

"पाऊण तास," मी म्हणाले.

लेकीने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आजींनी माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.